जामीन मंजूर, माणूस आतच

मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण 1978 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याने गुन्हा केला की नाही, हा तिथला प्रश्न नव्हता. त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश आधीच झाला होता. अडलं ते त्यानंतर. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीन मागितला. मोतीरामचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ही रक्कम आणि ही अट दोन्ही चुकीची ठरवली आणि मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. आपल्याच देशातला माणूस शेजारच्या जिल्ह्यात परका ठरू शकत नाही, असा त्या निकालाचा सांगावा होता.

एम.ए.च्या पहिल्या सत्रात हा निकाल आम्हाला वाचायला होता. वाचून झाला, वर्गात चर्चा झाली, टिपणं काढून झाली. मग फील्डवर्क सुरू झालं आणि तुरुंगात मला एकामागून एक मोतीराम भेटत गेले. कोणी गवंडी, कोणी वेटर, कोणी नाक्यावर उभा राहणारा मजूर. कित्येकांच्या कागदावर ‘जामीन मंजूर’ लिहिलेलं होतं आणि तरी ते आत होते. गुन्हा आणि न्याय या विषयाच्या शिक्षणाने मला काय दिलं, असं कोणी विचारलं तर मी याच माणसांपासून सांगायला सुरुवात करते. कायद्याच्या पुस्तकात त्यांची सुटका झालेली असते. ते आत का आहेत, हे समजून घ्यायला समाजशास्त्र लागतं.

मी मूळची सोलापूरची. अण्णा यंत्रमागावर काम करायचे, आई घरी विड्या वळायची. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं ते कॉलेजात तो विषय होता म्हणून, आणि शिकवणारे सर जीव ओतून शिकवत म्हणून. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. आम्हाला तो रोजचा पत्ता होता, रिक्षावाल्याला सांगायचा. सरांनी एका तासाला 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा शिकवला आणि त्या पत्त्यामागचा इतिहास उघडला. इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. त्या घरात मूल जन्माला आलं की सरकारी नोंदीत तेही संशयित. पारधी, कैकाडी, मांग गारुडी, टकारी अशा जमातींच्या माणसांना तारेच्या कुंपणात वसवलं, ठरल्या वेळी हजेरी लावली, परवान्याशिवाय बाहेर जायला बंदी केली आणि गिरण्यांमध्ये कामाला लावलं. देश 1947 साली स्वतंत्र झाला, पण ही माणसं त्या कायद्यातून 31 ऑगस्ट 1952 रोजी सुटली. भटक्या-विमुक्तांमध्ये हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ सरांनी आम्हाला वाचायला लावलं. गायकवाडांच्या पुस्तकातले पोलिस वाचताना मला पहिल्यांदा कळलं, की एखाद्या माणसाकडे संशयाने बघायचं हे पोलिसाच्या मनात त्या दिवशी उगवत नाही, ते त्याच्या आधीपासून चालत आलेलं असतं.

तिथून मला या विषयाची ओढ लागली. घरी मात्र एमपीएससीची तयारी कर असं चाललं होतं. मुंबईला जाऊन गुन्हेगारीशास्त्र शिकणार म्हटल्यावर अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोरी, जेलात जायचं शिक्षण घ्यायलीस, तर तिथल्या लोकांचं काही भलं होतंय का तेवढं बघ.” नाही म्हणाले नाहीत, याचं मला आजही मोल वाटतं.

मी शिकले ती मुंबईतली टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1936 साली सुरू झाली. तिथे 1950 च्या दशकापासून गुन्हेगारीशास्त्राचं शिक्षण दिलं जातं. समाजकार्याच्या शिक्षणाची पद्धत इतर एम.ए.पेक्षा वेगळी असते. आठवड्यातले काही दिवस वर्ग, काही दिवस फील्डवर्क. विद्यार्थ्याला पोलिस ठाणं, न्यायालय, तुरुंग, बालगृह, भिक्षेकरी गृह यांपैकी कुठेतरी नेमतात. दिवसभर जे पाहिलं, ऐकलं, केलं त्याचं ‘रेकॉर्डिंग’ लिहायचं. ते सुपरवायझर वाचतात आणि आयसीमध्ये, म्हणजे एकट्याला बसवून, ओळ न् ओळ तपासतात. ‘तो उद्धट होता’ असं लिहिलं की प्रश्न येतो : तो नेमकं काय म्हणाला, कोणासमोर म्हणाला, त्याआधी त्याला कोण काय म्हणालं होतं? माझं मत आणि मी पाहिलेली गोष्ट यांतला फरक मी त्या वह्यांमधून शिकले. पुढे न्यायालयात अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा हीच सवय कामी आली.

याच संस्थेतून 1984 साली मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला आणि 1990 साली कैद्यांसाठी काम करणारा ‘प्रयास’ हा प्रकल्प उभा राहिला. पोलिस ठाण्यात, न्यायालयात आणि तुरुंगात समाजकार्यकर्ता बसलेला असावा, हा विचार त्यातून रुजला. आम्ही विद्यार्थी त्याच परंपरेत वाढलो. शिक्षण संपल्यावर मी याच कामात राहिले.

तुरुंगात समाजकार्यकर्ता करतो तरी काय? नव्याने आलेल्या बंद्यांशी बोलायचं. तुमच्या घरी कळलंय का, हा पहिला प्रश्न. अटकेची माहिती घरच्यांना द्यायची असा नियम आहे, पण ज्याचा मोबाइल जप्त झालाय आणि ज्याला एकही नंबर पाठ नाही, त्याच्या घरी कोणाला कसं कळवणार? मग गावाचं नाव, सरपंचाचं नाव, किराणा दुकानदाराचं नाव, असं करत नंबर शोधायचा. दुसरा प्रश्न, कोणतं कोर्ट? अनेकांना पोलिस ठाण्याचं नाव सांगता येतं, कोर्टाचं येत नाही. तिसरा प्रश्न, वकील कोण? यावर ‘आहे एक’ असं उत्तर आलं की समजायचं, त्या वकिलाची आणि याची भेट झालेली नाही. संविधानाच्या 39 अ या अनुच्छेदाने मोफत कायदेशीर मदतीचं तत्त्व घातलं आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिची यंत्रणा उभी केली. प्रत्येक जिल्ह्यात ती आहे. आतल्या माणसाचा अर्ज त्या यंत्रणेपर्यंत पोचवणं आणि नेमलेल्या वकिलाचं नाव परत त्याच्यापर्यंत आणणं, हे आमचं रोजचं काम.

जालना जिल्ह्यातला एक मुलगा मला या काळात भेटला. केटरिंगच्या कामासाठी मुंबईला आलेला. लग्नाच्या हंगामात भांडी घासायची, वाढायचं आणि रात्री मालकाच्या गोदामात झोपायचं. मोबाइल चोरीच्या आरोपात आत आला होता. आरोपाबद्दल मी त्याला काही विचारलं नाही, आम्ही विचारत नाही; ते ठरवणं न्यायालयाचं काम आहे. त्याला पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. तारखेला नेलं तेव्हा साहेब काहीतरी इंग्रजीत बोलले, एवढंच तो सांगू शकला. मी त्याला आदेशाचा अर्थ सांगितला तर तो म्हणाला, “ताई, मंग मला सोडंना का गेले?”

याचं उत्तर सांगायचं तर जामिनाची पूर्ण वाट सांगावी लागते. न्यायालयाने जामीन दिला म्हणजे दार उघडलं असं होत नाही. जामीनदार हवा. त्याच्याकडे रेशनकार्ड, पगाराची स्लिप किंवा घराचे कागद हवेत. कित्येकदा ऐपतीचा दाखला मागतात, तो तहसीलमधून आणायचा. मग त्या कागदांची पडताळणी होते. जामीनदार त्याच शहरातला असावा, अशी अपेक्षा असते. हे सगळं जमलं की सुटकेचा आदेश निघतो, तो तुरुंगाच्या दारावरच्या जामीनपेटीत पडावा लागतो, आणि पेटी ठरावीक वेळीच उघडते. संध्याकाळची वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. ज्याचं कुटुंब शहरात आहे, त्याच्यासाठी ही वाट दोन-चार दिवसांची. जालन्याच्या मुलासाठी ती संपतच नव्हती.

“आईला सांगू नका, तिला बीपी हाये, मामाला सांगा,” असं म्हणून त्याने गावातल्या दुकानाचं नाव दिलं. मामा आले. सोबत सातबारा घेऊन आले, स्वतःच्या दोन एकरांचा. तो उतारा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवला होता. कोर्टात मुंबईचं रेशनकार्ड मागितलं. जमीन खरी, मामा खरा, भाच्यावरचा जीव खरा, फक्त जिल्हा दुसरा. वर्गात वाचलेला निकाल माझ्यासमोर पुन्हा घडत होता. विधी सेवेच्या वकील मॅडमनी रोख जामिनाचा अर्ज केला, रक्कम कमी करण्याची विनंती केली, आणि मी मुलाच्या परिस्थितीचा अहवाल जोडला. रक्कम कमी झाली. मामांनी काही पैसे भरले, केटरिंगच्या मुकादमाने काही दिले. मुलगा बाहेर आला, आणि पुढच्या तारखांना तो जालन्याहून रेल्वेने येत राहिला.

तो तारखांना येत राहिला, हे मी मुद्दाम सांगते. कारण जामिनावर पैशाची अट घालण्यामागचं कारणच असं दिलं जातं, की नाहीतर आरोपी पळून जाईल. या समजुतीची तपासणी न्यूयॉर्कमध्ये 1961 साली झाली होती. लुई श्वायट्झर या उद्योजकाने आणि हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकाने मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू केला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना अटक झालेल्या माणसांकडे पाठवलं. तुम्ही कुठे राहता, किती वर्षं राहता, कुटुंबात कोण आहे, काम काय करता, असे प्रश्न विचारून त्यांनी उत्तरांची खातरजमा केली आणि ज्यांचे धागे समाजात पक्के आहेत त्यांना पैशाशिवाय सोडावं अशी शिफारस न्यायालयाला केली. सुटलेले बहुतेक सगळे तारखेला हजर राहिले. पुढे 1966 मध्ये अमेरिकेत जामीन सुधारणेचा कायदा झाला, त्याच्या मागे हा प्रयोग होता.

आपल्याकडे 1979 साली हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी जवळपास हेच सांगितलं. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले होते, ज्यांनी त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या जास्तीत जास्त शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना काढला होता. न्यायालयाने म्हटलं, की माणसाचं वास्तव्य, रोजगार, नातीगोती, त्याच्याविषयी खात्री देणारे लोक हे बघा आणि त्याला जातमुचलक्यावर सोडण्याचा विचार करा. हा निकाल वाचताना मला नेहमी वाटतं, की सर्वोच्च न्यायालय इथे एका समाजशास्त्रीय पाहणीची मागणी करत आहे. माणसाचे धागे कुठे कुठे जोडलेले आहेत, हे कोणीतरी जाऊन बघायला हवं. न्यायाधीश जाऊ शकत नाहीत. पोलिसाला वेळ नसतो. वकिलाकडे फायलींचा ढीग असतो. हे काम शिकलेला माणूस न्यायालयाच्या आवारात असायलाच हवा.

समाजशास्त्राचे जे विचारवंत आम्ही वाचले, ते मला तुरुंगात पुन्हा भेटले. एमिल दुर्खीमने 1895 साली लिहिलं, की गुन्हा नसलेला समाज असूच शकत नाही. समाज कशाला गुन्हा म्हणतो यावरून त्या समाजाची ओळख पटते. एडविन सदरलँडने 1939 साली प्रतिष्ठितांच्या आर्थिक गुन्ह्यांकडे लक्ष वेधलं आणि विचारलं, की गुन्हेगारीशास्त्र फक्त गरिबांचाच अभ्यास का करतं? हॉवर्ड बेकरने 1963 साली दाखवलं, की एखाद्यावर शिक्का मारला की पुढे तो शिक्काच त्याचं आयुष्य घडवू लागतो. माल्कम फीली याने 1979 साली अमेरिकेतल्या एका खालच्या न्यायालयाचा अभ्यास करून सांगितलं, की छोट्या गुन्ह्यांमध्ये खटल्याची प्रक्रिया हीच खरी शिक्षा ठरते.

फीलीचं म्हणणं आणि बेकरचं म्हणणं एकमेकांत कसं गुंतलेलं आहे, हे मी बॅरेकमध्ये पाहिलं. किरकोळ चोरीच्या प्रकरणात महिनोन् महिने आत राहिलेला माणूस एक दिवस म्हणतो, “मॅडम, कबूल करून टाकतो. जेवढी सजा होईल तेवढी तर काढूनच झालीये. उद्या घरी जाईन.” हिशेब अगदी बरोबर असतो. कबुली दिली की काढलेले दिवस शिक्षेत धरले जातात आणि तो सुटतो. पण आता तो सिद्धदोष असतो. पुढच्या वेळी परिसरात काही चोरी झाली की त्याच्या घरी पोलिस येतात. जामिनाच्या अर्जाला विरोध होताना ‘पूर्वीचा गुन्हा आहे’ हे वाक्य येतं. निर्दोष सुटण्याची शक्यता असलेला माणूस दिवस मोजून गुन्हेगार होणं पत्करतो. पारध्यांच्या वस्तीतल्या तरुणांच्या बाबतीत हे फार लवकर होतं, कारण त्यांच्यावरचा शिक्का त्यांच्या आज्यापणज्यांपासूनचा आहे. सोलापूरच्या वर्गात शिकलेला 1871 चा कायदा संपून कित्येक दशकं झाली, तरी त्याची सावली पोलिस ठाण्याच्या डायरीत असते.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी होती. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. दलित आणि आदिवासी यांचं त्यांतलं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. कमी शिकलेले सर्वाधिक आहेत. कोण गुन्हा करतो, एवढ्यावर या आकड्यांचा उलगडा होत नाही. कोणाला पकडलं जातं आणि पकडल्यावर कोणाला बाहेर पडता येत नाही, हेही त्यात आहे.

बायकांच्या बॅरेकमधलं काम मला सगळ्यांत जड गेलं. पुरुषांच्या मुलाकातीच्या खिडकीसमोर बायकांची रांग असते. आई, बायको, बहीण डबा-कपडे घेऊन उन्हात उभ्या असतात. बायकांना भेटायला येणारे फार थोडे. नवरा येत नाही, माहेरचे लाजेने येत नाहीत. खटला, वकील, जामीन यांबद्दल बोलायला बसलं तर बाई आधी मुलांबद्दल विचारते. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. त्याच्या वरची मुलं बाहेर असतात, कधी आजीकडे, कधी शेजारणीकडे, कधी कोणाकडे ते आईलाही माहीत नसतं. एका बाईची दोन मुलं अटकेच्या दिवशी शाळेतून घरी आली ती बंद दारासमोर. शेजारच्या मावशींनी त्यांना ठेवून घेतलं होतं. मुलं सुरक्षित आहेत एवढं शोधून, बाल कल्याण समितीच्या मदतीने त्यांची सोय लावून मी आईला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा आपल्या खटल्याबद्दल बोलली. शिक्षा एकाला आणि भोग घराला, हे वाक्य आपण सहज म्हणतो. त्या घरांचा मोजमापाने अभ्यास कोणी करायचा, हा प्रश्न समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

या अभ्यासावर एक आक्षेप नेहमी येतो. तुम्हाला गुन्हेगारांचा कळवळा येतो, ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. ज्याचा मोबाइल गेला तोही बहुधा कष्टकरीच असतो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. खटला वर्षानुवर्षं चालला तर फिर्यादीलाही तारखा पडतात, त्याचाही रोज बुडतो. न्याय उशिरा झाला की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. आरोपीला तारखेला न्यायला पोलिस पार्टी मिळाली नाही म्हणून जेव्हा सुनावणी पुढे जाते, तेव्हा न्यायालयात वाट बघत बसलेली पीडित बाईही रिकाम्या हाताने परत जाते. आणि त्या पार्टीतला शिपाई रात्रीच्या बंदोबस्तावरून सरळ ड्युटीवर आलेला असतो. यंत्रणेचा अभ्यास करायचा तर या सगळ्यांचा करावा लागतो.

पीडितांच्या बाजूने विद्यापीठांनी काय केलं, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात 1972 साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवलं. तिने विरोध केल्याच्या खुणा नाहीत, असं कारण होतं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गरीब, आदिवासी मुलगी पोलिस ठाण्यात दोन पोलिसांसमोर ‘नाही’ कशी म्हणणार, हा त्या पत्राचा गाभा होता. देशभर स्त्रियांची आंदोलनं उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं न्यायालयात सांगितलं, तर ती नव्हती असंच धरलं जाईल, अशी तरतूद झाली. शिकवणाऱ्यांनी निकाल समाजाच्या चौकटीत ठेवून वाचला म्हणून हे घडलं.

गेल्या काही वर्षांत कायद्याने बऱ्याच गोष्टी दिल्या आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात एका आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर त्या माणसाला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडायचं, ही तरतूद 2005 च्या दुरुस्तीने आली. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पाठवा, सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्यात जामीन भरला गेला नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडते, हेही त्यात आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद तेव्हा त्यात होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि कैद्याच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं.

ही प्रत्येक तरतूद मोलाची आहे. पण त्यांतली एकही आपोआप चालत नाही. कलम 479 मध्येच अशी अट आहे, की एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असलेल्याला हा लाभ नाही. ज्याच्यावर लहानसहान तीन-चार गुन्हे लावलेले असतात, तो बहुधा सर्वांत गरीब असतो आणि तोच इथून वगळला जातो. गरीब कैद्यांच्या योजनेसाठी हा माणूस खरंच गरीब आहे, हे कोणीतरी तपासून लिहावं लागतं. सात दिवसांत न सुटलेल्यांची यादी प्राधिकरणाकडे गेली, तरी त्यांच्या घरचा पत्ता शोधणारं कोणीतरी लागतं. म्हणजे कायदा जितका सुधारतो, तितकं माणसाच्या परिस्थितीचा शोध घेणाऱ्या शिक्षित कार्यकर्त्याचं काम वाढतं.

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांकडे आहे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी समाजशास्त्राचा विभाग आहे, विधी महाविद्यालय आहे, अनेक ठिकाणी समाजकार्य महाविद्यालय आहे, जिल्हा न्यायालय आहे, विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तुरुंगही आहे. त्यांची एकमेकांशी ओळख नाही. समाजशास्त्राचा विद्यार्थी न्यायालयाची पायरी न चढता पदवी घेतो आणि कायद्याचा विद्यार्थी वस्तीत पाऊल न टाकता सनद मिळवतो. प्राध्यापकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना एक पत्र लिहावं, कारागृह अधीक्षकांची परवानगी घ्यावी आणि सत्रात काही दिवस विद्यार्थ्यांना या कामावर पाठवावं. जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची यादी घ्यायची, त्यांची घरं शोधायची, अहवाल लिहून वकिलांच्या हातात द्यायचे. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांनी 1961 साली जे केलं, ते परभणी, धुळे, सांगली, अमरावती इथल्या विद्यार्थ्यांना जमणार नाही असं काहीच त्यात नाही.

आणि ज्या मुलामुलींना हा विषय शिकायचा आहे पण घरचे कचरतात, त्यांना मी एवढंच सांगेन : या. अभ्यास कठीण आहे, पगार बेताचा आहे, आणि वाचलेला एकेक निकाल इथे एखाद्या माणसाला घरी पाठवायच्या कामी येतो. तुमची गरज आहे.